आप्पांचा हात आणि माझं ‘ओके’

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. संदीपला नाही, तो नवरा असून नाही. आणि ज्यांच्या बाबतीत मी हे केलं त्या आप्पांना तर नाहीच. एकदा बहिणीला सांगायला गेले होते. फोन घेऊन गॅलरीत उभी राहिले, ती ‘बोल’ म्हणाली, आणि मी तिला भरल्या वांग्यात तू गूळ घालतेस का, असं विचारून फोन ठेवला. तुम्हाला सांगते आहे कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीचं माणूस लगेच समजूत घालायला लागतं — आणि समजूत मला नको आहे.

तर गोष्ट एका बंद पडलेल्या वायफाय राउटरची आहे. हसू नका. किंवा हसा, मलाही सुरुवातीला ती एवढ्याशा डब्याचीच गोष्ट वाटली होती.

आप्पा म्हणजे माझे सासरे. खटावकडचं गाव सोडून तरुणपणी इकडे आले, कासारवाडी स्टेशनाजवळ दोन खोल्यांत संसार केला, आणि एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला लागले ते निवृत्त होऊनच बाहेर पडले. आता आम्ही सगळे पुनावळ्यात राहतो, हायवेच्या बाजूच्या सोसायटीत. आप्पांनी गावाची बोली काही सोडली नाही. मी फार नीटनेटकं बोलले की ‘लागला रेडिओ’ म्हणतात. मीही मग मुद्दाम बातम्यांसारखं बोलते. आमचं असंच चालतं. सासू-सून असतो तर भांडण झालं असतं, सासरा-सून असल्यामुळे करमणूक होते.

त्यांच्या हाताचं कारखान्यात नाव होतं. सोल्डरिंग करावं तर आप्पांनी. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत वायर ठेवून वितळलेल्या कथिलाचा असा चकचकीत डाग द्यायचे की ती वायर तिथेच उगवली आहे असं वाटावं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या हेडफोनची तुटलेली वायर त्यांनी जोडून दिली होती. माझ्या वडिलांनी कधी माझी कुठली वस्तू दुरुस्त केल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मला हे घर आवडलं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. निवृत्त होताना आप्पांनी कारखान्यातून एक लाल प्लॅस्टिकचा टॅग घरी आणला होता. त्यावर ‘काम चालू आहे, हात लावू नये’ आणि खाली त्यांचं नाव. कारखान्यात पॅनेल उघडून काम करणारा माणूस मेन स्विच बंद करतो आणि त्यावर आपला टॅग लटकवतो. तो टॅग ज्याने लावला त्यानेच काढायचा. साहेब असो, मालक असो, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही — कारण आत कुणाचे तरी हात असतात. घरी पंखा दुरुस्त करायचा असला तरी आप्पा तो टॅग बटणांवर लटकवायचे. मी नवी होते तेव्हा एकदा हसत हसत तो काढायला गेले. आप्पा माझ्यावर आवाज चढवून बोलले ते तेवढंच. नंतर स्वतःच जवळ येऊन म्हणाले, “रागावलो न्हाई गं. पर ह्याला हात लावायचा न्हाई. आत माणूस असतंय.”

तशीच आमच्या घरात एक वाटणी होती. मी नेटवर्क सपोर्टमध्ये काम करते. त्यामुळे स्क्रीनच्या आतलं सगळं माझं खातं, आणि वायरी, स्विच, स्क्रू हे आप्पांचं. दुसऱ्या खात्यात नाक खुपसायचं नाही, आणि त्या खात्याच्या माणसाने ओके दिलं की ओके — मग तिकडे परत बघायचं नाही. हा त्यांचा कारखान्यातला नियम होता आणि तो त्यांनी माझ्यासाठीही पाळला. त्या घरात माझ्या शब्दाला एवढा मान होता.

तर — सासूबाई गेल्या, आणि आप्पा गप्प झाले. रडले वगैरे नाहीत. नुसते बंद टीव्हीसमोर रिमोट हातात घेऊन बसायचे. स्वरा तेव्हा छोट्या शिशूत होती. दुपारी तिला शाळेतून आणायचं, जेवू घालायचं, झोपवायचं हे आप्पा करायचे. संदीप चाकणला शिफ्टमध्ये, मी कधी हिंजवडीच्या ऑफिसात, कधी घरून. सगळं घर आप्पांच्या त्या दुपारींवर उभं होतं, आणि आम्ही त्याला ‘आप्पांचा वेळ छान जातो’ असं म्हणत होतो. किती सोयीचं बोलतो ना आपण?

एका गुरुवारी, कंपन्यांच्या सुट्टीच्या दिवशी, रफिक आला. रफिक कारखान्यात आप्पांच्या हाताखाली शिकलेला. आता महाळुंग्यात त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे; आजूबाजूच्या कंपन्यांचे बिघडलेले इलेक्ट्रॉनिक बोर्ड त्याच्याकडे येतात. सोफ्याच्या काठावर बसून तो म्हणाला, “आप्पा, पोरं भरपूर हायेत राव. पण बारीक काम आलं की सगळी माझ्याकडं बघतात, आणि मी कुणाकडं बघू? तुम्ही नुसते या. पोरांना शिकवा. खुर्ची देतो, चहा देतो, न्यायला-आणायला गाडी देतो.”

मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते. मला काय वाटलं, सांगू? वाटायला हवं होतं की बरं झालं, माणूस परत उभा राहील. मला वाटलं — मग स्वराला शाळेतून कोण आणणार?

आप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. कारखाना सोडून बरीच वर्षं झाली होती, स्वतःवर भरवसा राहिला नव्हता. रफिकच्या पिशवीत एक पांढरा राउटर होता, कुठल्याशा कंपनीच्या गोडाउनमधला. सॉफ्टवेअर बदलताना मध्येच वीज गेली आणि तो कायमचा झोपला. असा राउटर उठवायचा तर उघडून आतल्या बोर्डवरच्या बारीक टिपक्यांना तीन वायरी सोल्डर करायच्या, त्या यूएसबीच्या एका तुकड्यातून लॅपटॉपला जोडायच्या, आणि लॅपटॉपवरून थेट त्याच्याशी बोलायचं. त्याला सिरीयल कन्सोल म्हणतात. आप्पांनी राउटर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “ह्यो ठेवून जा. ह्याला बोलता केला तर येतो. न्हाईतर उगा तुझी खुर्ची अडवायला कशाला यायचं?”

रफिकची अशी काही अट नव्हती. ती आप्पांची स्वतःलाच घातलेली अट होती. हे मला तेव्हाच कळलं होतं, म्हणजे नंतर कळलं असं म्हणायलाही मला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी दाढी केली. रोज करायचे नाहीत तेव्हा. निळा शर्ट घातला, कारखान्यातला, खिशावरची अक्षरं धुऊन धुऊन गेलेला. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला वर्तमानपत्र अंथरून सोल्डरिंग गन, भिंग, चिमटा असं सगळं मांडलं. मी माझा जुना लॅपटॉप काढून दिला. त्याच्या कोपऱ्याला त्यांनी लाल टॅग लटकवला — स्वराने बटणं दाबू नयेत म्हणून. स्वरा त्यांच्या मांडीवर बसून टिपके मोजत होती आणि आप्पा तिला प्रत्येक टिपक्याचं नाव सांगत होते. मी चहा घेऊन दारात उभी राहिले. किती दिवसांनी मी त्यांचा आवाज ऐकत होते.

पहिल्यांदा स्क्रीनवर काहीच आलं नाही. एकाचं बोलणं ते दुसऱ्याचं ऐकणं, म्हणून दोन वायरी उलटसुलट जोडायच्या असतात. आप्पांनी त्या सरळ जोडल्या होत्या. ते त्यांना स्वतःलाच कळलं, बदलल्या. मग अक्षरं आली, पण नुसता कचरा, प्रश्नचिन्हं आणि चौकोन. तेव्हा त्यांनी मला हाक मारली. बोलण्याचा वेग लॅपटॉपमध्ये चुकीचा होता. ते माझं खातं. मी वेग बदलला आणि स्वच्छ ओळी धावू लागल्या. आप्पांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि त्या ओळींकडे असे बघत राहिले — माझ्याकडे शब्द नाही. मला त्या क्षणी खरंच आनंद झाला होता. हे खरं आहे. एवढं तरी खरं आहे.

मग अडलं. राउटर बोलत होता, पण ऐकत नव्हता. चालू केल्यावर तो म्हणतो, आता लॅपटॉपचं एखादं बटण दाबा म्हणजे मी थांबतो. आप्पा बटण दाबत, आणि तो खुशाल पुढे जाई. परत बंद, परत चालू, परत बटण. काही नाही.

मला बघताक्षणी कळलं होतं. मी काय सांगते, ही चूक माझ्या नोकरीतल्या पहिल्या आठवड्यातला धडा आहे. लॅपटॉपवरच्या ज्या प्रोग्रॅममधून राउटरशी बोलायचं त्यात एक सेटिंग असते — समोरच्याने हो म्हटल्याशिवाय बोलू नकोस, अशी. ज्या वायरीवरून ते ‘हो’ येतं ती वायर या जोडणीत नसतेच. मग लॅपटॉप बिचारा वाट बघत बसतो आणि तुमचं एक अक्षरही पुढे सोडत नाही. ती सेटिंग बंद करायची, झालं. कधीतरी मीच माझ्या अभ्यासासाठी ती चालू केली होती, दुसऱ्या एका यंत्रासाठी. आप्पांच्या बाजूने काहीही चूक नव्हती. चूक माझ्या लॅपटॉपमध्ये होती, माझ्या खात्यात.

आप्पांनी विचारलं, “मेघा, तुझ्या बाजूचं समदं ओके हाय न्हवं?”

मी भांडी पुसत होते. वळलेसुद्धा नाही. “हो आप्पा. ओके आहे.”

“मग माझ्याच बाजूला हाय कायतरी,” ते म्हणाले आणि भिंग उचललं.

बस्स, एवढंच. हे वाचून तुम्हाला वाटेल, एका वाक्याचं काय एवढं? माणूस कामात असतो, लक्ष नसतं. मीही स्वतःला असंच सांगत होते — एक दिवस जाऊ दे, उद्या सांगू. नुकतंच मला टीम लीड केलं होतं, शिफ्टच्या वेळा बदलणार होत्या, थोडं स्थिरस्थावर होऊ दे. आणि आप्पा त्या निमित्ताने गुंतलेले तर आहेत, चांगलंच आहे की. पाळणाघर नव्हतं असंही नाही. शेजारच्या विंगमध्ये खाली होतं, चांगलं होतं, बाई प्रेमळ होत्या. मी जाऊन बघूनही आले होते. मग? मग काय — आप्पांच्या मांडीवर झोपणारी पोर पाळणाघरात ठेवायला माझं मन होत नव्हतं. आणि खरं सांगू? मला स्वतःलाच ते घरात हवे होते. कामावरून यावं आणि दार आतून कुणीतरी उघडावं, ‘आलीस व्हय’ म्हणावं, याची मला सवय झाली होती. हे कारण म्हणून सांगत नाही. नुसतं होतं तसं सांगते आहे.

पण तुम्हाला जे सांगायचं आहे ते हे नाहीच. अजून आलंच नाही ते.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी आप्पा स्वराला घेऊन खाली झोपाळ्यावर गेले होते. सगळं टेबलावर तसंच मांडलेलं होतं. आदल्या रात्रीपासून त्यांनी सगळे सांधे काढून नव्याने केले होते. मी खुर्चीवर बसले. लाल टॅग स्क्रीनवर आडवा आला होता, तो बोटाने उचलला आणि मागे टाकला. ती सेटिंग उघडली. बंद केली. राउटर चालू केला आणि बटण दाबलं.

तो थांबला. लगेच, निमूटपणे. मी एक आज्ञा लिहिली, त्याने उत्तर दिलं. दुसरी लिहिली, त्याचंही उत्तर आलं. मग मी भिंग घेऊन ते तीन डाग पाहिले. गोल, चकचकीत, एकसारखे. कुठे एक कण जास्त नाही. आपल्याला आता जमत नाही म्हणून आप्पा जे हात रात्री उशिरापर्यंत चोळत बसले होते, त्या हातांनी केलेले. त्यांच्या बाजूचं सगळं बरोबर होतं, ते आता मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ‘मला वाटलं’, ‘लक्षात आलं नाही’ असलं काही शिल्लक नव्हतं.

आणि मी ती सेटिंग परत होती तशी करून ठेवली.

लिफ्टचा आवाज आला म्हणून घाबरून नाही. लिफ्ट आलीच नव्हती. घरात कुणी नव्हतं, घाई नव्हती, फॅन फिरत होता. मी शांतपणे ती परत चालू केली, राउटर बंद केला, लाल टॅग पुढे ओढून जिथे होता तिथे सोडला. मग उठून स्वरासाठी केळं कापायला गेले. हे मी केलं.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आप्पांनी सांधे परत काढले, परत केले. तो बोर्ड नाजूक असतो, एकाच जागी सारखी आच दिली की तांब्याचा टिपकाच उचलून येतो. एके दिवशी ते स्वयंपाकघरात आले आणि तर्जनी पुढे केली. बोटाच्या टोकावर मोहरीएवढी तांब्याची चकती चिकटली होती. “निघालं बघ हे,” म्हणाले आणि थोडंसं हसले. लहान मूल हातून काही फुटल्यावर हसतं तसं. मी बघितलं आणि ‘अरेरे’ म्हणाले. विचार करा. मी ‘अरेरे’ म्हणाले.

रफिकला त्यांनी माझ्यासमोरच फोन केला. “न्हाई जमायचं गड्या. हात गेला माझा.” पलीकडून रफिक बरंच काही बोलत असावा, आप्पा नुसते हं हं करत होते. शेवटी, “तू वाईट नको वाटून घेऊ,” असं उलट त्यालाच म्हणाले. फोन ठेवला, गॅसवर आधण ठेवलं, दोन कप चहा केला. एक माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “तू एकदा बी हसली न्हाईस मला. संदीप हसला असता.” मी तो चहा प्यायले.

राउटर न्यायला रफिक स्वतः आला. आप्पा तेव्हा देवळात गेले होते. दारातच त्याने झाकण काढून बोर्ड उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. “वहिनी, एक डॉट गेलाय, खरं आहे. पण हे बाकीचे दोन बघा. असा हात आज माझ्याकडं कुणाचा नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाला, “मग हे बोललं का नाही? तुम्ही तर याच लाइनीतल्या. तुम्ही बघितलं होतं का?”

“बघितलं होतं,” मी म्हणाले. “लॅपटॉप ओके होता.”

त्याने झाकण बसवून राउटर पिशवीत ठेवला. त्याला कळलं का? मला माहीत नाही. दर ईदला तो शीरखुर्म्याचा डबा घेऊन येतो, आप्पांच्या पायाशी बसतो आणि म्हणतो, “खुर्ची ठेवलीय तुमची, आप्पा.” पण ते राउटरचं त्याने मला परत कधी विचारलेलं नाही, आणि मी त्याच्यासमोर कधी नीट बसू शकलेले नाही. चहा देते आणि आत जाते.

मला वाटलं होतं की तेवढ्यावर भागेल. आप्पा घरी राहतील, दुपार पूर्वीसारखी चालेल, सगळं जागच्या जागी. आप्पा राहिले घरी. पण सोल्डरिंग गन डब्यात गेली, डब्यावर तो लाल टॅग बांधला गेला आणि डबा माळ्यावर. हेही मी चालवून घेतलं असतं. पण मग बाथरूमच्या गिझरचा स्विच गेला, आणि आप्पांनी सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला फोन केला. दोन स्क्रूंचं काम. तो माणूस स्टुलावर चढला आणि आप्पा खाली टॉर्च धरून उभे राहिले. तो म्हणाला, “काका, थोडा वर धरा,” की आप्पा लगेच वर धरत होते. मी बेडरूममध्ये मीटिंगमध्ये होते. दार उघडं होतं. मला सगळं दिसत होतं आणि मी समोरच्या स्क्रीनवरच्या माणसांना पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक सांगत होते.

मग ते कप दोन्ही हातांनी धरायला लागले. सही करायची वेळ आली की संदीपला म्हणायचे, तू कर रे, माझी वाकडी येते. वाकडी येत नव्हती. मी बघत होते ना, हात हलत नव्हताच. पण त्यांनी मानलं होतं की हलतो. त्यांच्या हाताला त्यांनी दोषी ठरवलं होतं, कारण दुसऱ्या खात्याच्या माणसाने ओके दिलं होतं. त्यांनी एकदाही लॅपटॉपवर संशय घेतला नाही. एकदाही नाही. पाहुणे आले आणि जुन्या गोष्टी निघाल्या की अजूनही सांगतात, “सुनेनं तिची बाजू चोख तपासली होती. चूक माझीच.”

तुम्ही म्हणाल, मग नंतर का नाही सांगितलंस? कितीदा ठरवलं. पहिल्या वर्षी भीती वाटत होती. नंतर वाटायला लागलं, आता सांगून काय त्यांचे दिवस परत येणार आहेत? आणि त्यांना काय सांगणार — की तुमचा हात ठीक होता, तुमच्या घरातलं माणूस ठीक नव्हतं? हा शहाणपणा मी स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवला आहे. ऐकायला बरा वाटतो. पण ते सगळं सोडा. मी सांगितलं नाही, कारण ‘आलीस व्हय’ म्हणून दार उघडणारं ते माणूस उद्या दार उघडताना माझ्याकडे कसं बघेल, हे मला बघवलं नसतं.

स्वरा आता सहावीत आहे. एकटी शाळेतून येते, किल्लीने दार उघडते, आप्पांनाच गरम करून वाढते. आता कुणाला दुपारी कुणाची गरज उरली नाही. मागच्या आठवड्यात तिने शाळेच्या प्रदर्शनासाठी दिव्यांचा एक छोटा बोर्ड आणला. दिवे सोल्डर करायचे होते. तिने सरळ आप्पांच्या पुढ्यात ठेवला. आप्पांनी तो हातात घेतला, भिंगातून पाहिला, पाठीमागून पुढे वळवला, आणि तिच्या हातात परत दिला. “माझा हात गेला गं. आईला सांग, ती करंल.”

माळ्यावरून डबा मी काढला. टॅग आप्पांनी सोडला. त्याला हात लावायचं माझ्याच्याने झालं नाही. जेवणाच्या टेबलाच्या त्याच टोकाला वर्तमानपत्र अंथरलं. मला कुठे येतं सोल्डरिंग? पहिला डाग नुसता गोळा झाला, दुसरा शेजारच्या टिपक्यावर सांडला, आणि बोर्ड सारखा सरकत होता. आप्पा खुर्ची ओढून समोर बसले. “थांब, मी धरतो,” म्हणाले. चिमट्यात तो बोर्ड धरला आणि हवेत माझ्यासमोर आणला.

तो हलला नाही. मी एक दिवा लावला, दुसरा लावला. बोर्ड जसाच्या तसा. कोपर टेबलाला टेकलेलं नव्हतं. त्या वयात, तसा अधांतरी हात, आणि चिमट्याचं टोक केसभरही हललं नाही.

स्वरा हनुवटी टेबलावर टेकवून बघत होती. ती म्हणाली, “आप्पा, तुमचा हात तर हलतच नाही.”

आप्पांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. जरा वेळ पाहत राहिले, कुणा दुसऱ्याची वस्तू बघावी तसे. मग माझ्याकडे पाहिलं. विचारल्यासारखं. मी सांगू शकले असते. तेव्हा, तिथेच, त्याच टेबलावर, एका वाक्यात. त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

मी मान खाली घातली आणि तिसऱ्या दिव्याची वायर शोधू लागले.

“धरायला काय लागतंय,” आप्पा स्वराला म्हणाले, आणि माझं काम होईपर्यंत तो बोर्ड त्यांनी माझ्यासाठी तसाच धरून ठेवला.